सैल केलेला सांधा

चिरंजीव रंधोबा,

(नुसत्या ‘चि.’वर आज भागेना, म्हणून अख्खा शब्द लिहिला.)

दवाखान्याच्या ऑनलाइन अभिप्रायांना उत्तरं मी लिहिते, हे तुला ठाऊक नाही. आज तुझ्या रंध्यावरून मीच तुला ठेवलेल्या ‘रंधोबा’ या नावाने एकच तारा देऊन कुणी लिहिलंय: ‘खुर्ची डुगडुगते. खिळा नको, पाचर मारा. आणि मानेतली गाठ कसली, ते डॉक्टर सांगेनात.’ सुतारकीचं हे भाष्य वाचून हसले, मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.

रुग्णाची गोष्ट घरीसुद्धा न्यायची नाही, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. तुला एवढंच उत्तर गेलंय: ‘आपण इथे आला होतात का, हे आम्ही सांगू शकत नाही. कृपया फोन करा.’

आमच्या घरच्या खुर्चीचा सांधा आत्ताच सैल केलाय. दुरुस्तीला बोलावते. ये, आणि आपणहून बोल रे.

नियमाने तुला न ओळखणारी,
तुझी ताई