ओठांतली काडी

मु. चिखलबोडी, तहसील गडचिरोली, जि. चांदा
रविवार, ता. ६ मार्च १९५५

चिरंजीव जंगू मडावी यास मनसाराम गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पावलं. मास्तर घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलच्या मेसमध्ये वरणात डाळ शोधावी लागते हे वाचून हसू आलं. आमच्या वेळीही असंच होतं. मास्तर बदलले, इमारत बदलली, पण वरण त्यांनी जसंच्या तसं जपलेलं दिसतं. इकडे सर्व ठीक. परवा होळी. तुझी आई बुधवारच्या बाजारात भेटली, प्रकृतीने बरी आहे. तुझे वडील गेल्यापासून वाळली आहे खरी, पण आवाज तोच खणखणीत. लाखोळीच्या डाळीच्या भावावरून दुकानदाराला असा झापला की मी मधे पडलो नाही.

धाकट्या बहिणीचा, मंगलीचा, अभ्यास कसा चालला आहे, हे तू विचारलंस. सविस्तर सांगतो, कारण यात माझीही थोडी बढाई आहे.

आपल्या मिडल शाळेची रीत तुला ठाऊक आहे. सगळ्यांनी मिळून मोठ्याने धडा म्हणायचा. पाठ तर होतो, पण मधेच थांबवून ‘म्हणजे काय?’ विचारलं की पंचवीस जण माझ्या तोंडाकडे पाहतात. दिवाळीनंतर मी ते बंद केलं. आता एक परिच्छेद मनातल्या मनात वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि काय समजलं ते आपल्या भाषेत सांगायचं. पहिले पंधरा दिवस पोरांचे ओठ काही थांबेनात, वर्गात माशा घोंगावल्यागत चालायचं. मग मी एक युक्ती काढली. प्रत्येकाने ओठांत गवताची एक काडी धरायची. काडी हलली की वाचन चुकलं.

माझा बाप जन्मभर नागभीडकडच्या तलावांवर मासे धरत आला. जाळं टाकताना आम्ही पोरं बोललो की पाठीत बुक्की बसायची. ‘ज्याले चूप राहता येते त्यालेच मासा भेटते,’ असं तो म्हणे. विद्येचंही तसंच असावं असं मला वाटतं.

मंगली सुरुवातीला दिवसाला चार काड्या चावून तोडायची. आता अख्खा धडा वाचते तरी काडी जागची हलत नाही. सहामाहीत वर्गात तिसरी आली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती विचारायला लागली आहे. परवा नकाशा उघडून म्हणाली, ‘गुरुजी, याच्यात आपला कोसमटोला काऊन नाई?’ मी म्हटलं, तू शिक आणि काढ. तेव्हापासून भूगोल सोडत नाही. जानेवारीत डेप्युटी साहेब तपासणीला आले, तर वर्गाच्या दारात त्यांनी जोडे काढले, इतकी शांतता. शेऱ्याच्या वहीत असं काही लिहून गेले की मी घरी येऊन तीनदा वाचलं. मनात वाचलं हो, काडी धरून.

आता खरी अडचण मोहाची. मागल्या वर्षी मोहफुलं वेचायच्या पायी तुमच्या कोसमटोल्याच्या वस्तीतली चौदा मुलं वार्षिक परीक्षेला बसलीच नाहीत, त्यात मंगलीही होती. यंदा मी आधीच घरोघर हिंडलो. म्हटलं, फुलं वेचू नका असं मी म्हणत नाही. पण पहाटेपासून झाडाखाली बसून फुलं पडायची वाटच पाहायची ना? तेवढ्या वेळात एक धडा होतो. पुस्तक सोबत न्या. तुझी आई आधी राजी नव्हती. मग म्हणाली, ‘वाचल्यानं आवाज राहीन. मंग त वाचनच बरं, आरोळ्या देऊ देऊ पोरीचा घसा तरी नाई सुकणार.’ मी हसलो आणि मान हलवली. वाचणं म्हणजे ओरडणं असंच तिला वाटतं. म्हटलं, परवानगी मिळाली ना, बस्स झालं.

परीक्षा अठरा एप्रिलला आहे. यंदा तुझी बहीण सहावी पास होणार हे लिहून ठेव.

तुझा
मनसाराम गुरुजी


चिखलबोडी
गुरुवार, ता. ३१ मार्च १९५५

चि. जंगू,

पत्र उमाजी चपराशाच्या हाती देतो आहे. वाचून झालं की त्याच्याबरोबर मिळेल त्या मोटारीने निघ. पैसे त्याच्याजवळ दिले आहेत.

मंगली गेली रे. काल पहाटे तुमच्या मोहाखाली अस्वल आलं. आम्ही तिला खाटेवर घालून गडचिरोलीच्या दवाखान्याकडे निघालो होतो. वाटेत नाल्यापाशी तिने पाणी मागितलं. पाणी पाजलं, आणि मग खाट पुढे नेण्यात काही अर्थ उरला नाही.

तुझी आई कुणाचं ऐकत नाही. काल निघण्याआधी मंगलीच्या हातून पेज सांडली म्हणून ती तिला टाकून बोलली. तिचं म्हणणं असं, की पोरगी माझ्यावर रुसली, रुसून झाडाखाली चूप बसली, आरोळी दिली नाही, म्हणून अस्वलाला माणूस असल्याचं कळलं नाही. मीच मारली, असं म्हणते आणि कपाळ जमिनीवर आपटते. बायका धरून बसल्या आहेत.

मी तिला काय सांगू? तू लवकर ये.

मनसाराम गुरुजी


चिखलबोडी
रविवार, ता. २६ फेब्रुवारी १९५६

चि. जंगू यास आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. कामं होती म्हणून उत्तराला उशीर झाला असं लिहिणार होतो. कामं नव्हती.

इकडे थंडी सरली. शाळेची कौलं फेरून झाली, माकडांनी पुन्हा फोडली. तू सराव पाठात पहिला आलास हे वर्गात वाचून दाखवलं, टोल्यावरची मुलं खूष झाली. डिसेंबरात डेप्युटी साहेब पुन्हा येऊन गेले. या वेळी जोडे काढले नाहीत. ‘वर्ग आहे की आठवडी बाजार?’ म्हणाले. वर्षभर मी मुलांकडून सगळे धडे ओरडून म्हणवून घेतो आहे. साहेबांनी कारण विचारलं. मी खाली पाहिलं आणि शेऱ्याखाली सही केली. पोरांना पाठ होतं, समजत काही नाही. मला दिसतं ते. पण वर्ग चूप झाला की मला तिथे उभं राहवत नाही.

आता तुझ्या पत्राकडे येतो. परीक्षेसाठी ‘मूक वाचन’ यावर निबंध लिहायचा आहे, त्यात मंगलीचं उदाहरण देणार आहेस, गुरुजींनी तिला कसं गोडी लावून वाचायला शिकवलं ते लिहिणार आहेस, आणि एप्रिलमध्ये पास झालास की माझ्याच हाताखाली चिखलबोडीला नेमणूक मागणार आहेस. सर्व बारकावे कळवा, असं तू लिहिलंस.

कळवतो. मागल्या मार्चच्या पत्रात एक बारकावा मी लिहिला नव्हता.

मोह सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी मी टोल्यावरच्या मुलांना थांबवून घेतलं आणि सांगितलं, की झाडाखालीसुद्धा काडी धरूनच वाचायचं. झाडाझाडांवरून आरोळ्या देण्यात तुमचं अर्धं डोकं जातं. यंदा आरोळ्या मोठ्यांना देऊ द्या. जो तोंड उघडेल त्याचं वाचन मी धरणार नाही. मंगली पुढेच बसली होती. तिने मान डोलावली. ती माझं किती ऐकायची हे तुला सांगायला नको.

त्या आरोळ्या कशासाठी असतात हे मला माहीत नव्हतं, जंगू. बारा वर्षं मी इथे मास्तरकी करतो. मला वाटायचं, पोरं गंमत करतात, झोप येऊ नये म्हणून ओरडतात. मोहाची फुलं अस्वलालाही आवडतात, पहाटे तेही झाडाखाली येतं, आणि माणसाचा आवाज ऐकला की लांबूनच वळतं, ही गोष्ट टोल्यावरच्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. मला ती मंगलीच्या खाटेमागून चालताना माहीत झाली. आम्ही तलावाकाठची माणसं. आमच्याकडे आवाज केला की उपाशी राहायचं. तेच मी जंगलातल्या लेकरांना शिकवलं आणि त्याला विद्या म्हणालो.

तिसऱ्या दिवशी तू आणि मी आईजवळ बसलो होतो, तेव्हा ती काय म्हणाली ते आठव. त्या पहाटे ती मंगलीच्या झाडावरून गेली होती. मंगली मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती पण वाचत नव्हती, म्हणाली. आईने हाक मारली तर बोलली नाही, नुसता हात वर केला. तोंडात गवताची काडी धरून खाली मान घालून बसली होती. रुसलेलं लेकरू बसतं तशी.

तू आईचा हात धरून म्हणालास, आई, पोरी रुसतातच. मी तिथेच होतो. ती काडी कसली हे त्या अख्ख्या टोल्यात मोठ्या माणसांपैकी फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. तू जाताना माझ्या गळ्यात पडून रडलास तेव्हाही नाही. भीती वाटली. लोक मारतील याची नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. मुलं शाळेतून काढतील, नाव जाईल, वहीतला तो शेरा जाईल, याची भीती वाटली. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

वर्षभर तुझी आई माझ्यासमोरून बाजाराला जाते. दुकानदार म्हणेल तो भाव देते. मुकाट्याने. तिने कुणाला चढ्या आवाजात बोललेलं कुणी ऐकलं नाही. शेजारच्या सुनेने मला सांगितलं, बुधरीबाई बकरीलासुद्धा रागावत नाही आता.

परवा मी टोल्यावरच्या मुलांना पुन्हा थांबवलं. पंधरा दिवसांत मोह पडायला लागतील. म्हटलं, यंदा पुस्तकं नेऊ नका, आरोळ्या द्या, घसा फुटेस्तोवर द्या. सातवीतला इसरू उभा राहिला. पोरगा सरळ आहे, त्याच्या मनात काही नव्हतं.

‘गुरुजी, हे मागल्या वर्षी काऊन नाई सांगतलं?’ म्हणाला.

मी मुलांना घरी पाठवलं. काल सकाळी तुझ्या घरी गेलो.

तुझी आई अंगणात मोहाची टोपली सांधत होती. मला बाज टाकून दिली. मी बाजेवर बसलो नाही, खाली बसलो आणि सगळं सांगितलं. काडी का धरायची ते सांगितलं. शाळेत जोराने न वाचताही वाचता येतं, आणि मंगली तेच करत होती, हे सांगितलं. तिला म्हटलं, तू हाक मारलीस तेव्हा ती बोलली नाही, कारण काडी हलली असती, आणि काडी हलवायची नाही असं मी सांगितलं होतं. माझ्या बोलण्याला धड ठाव नव्हता. ती ऐकत राहिली. हातातला बांबूचा काप तसाच धरला होता. मला वाटलं, आता ती तोच माझ्या डोळ्यात घालेल, आणि मी डोळे मिटले नाहीत.

तिने काप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘मंग थे माह्यावर रुसली नवती, गुरुजी?’

मी म्हटलं, नाही.

‘पेज सांडली, मी बोल्ली, त्याच्यानं नाई?’

नाही, बुधरीबाई. ती धडा वाचत होती.

तिने टोपली बाजूला ठेवली, पदर तोंडात कोंबला आणि मग पदर काढून टाकून मोठ्याने रडली. तिचा तो जुना आवाज. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. मला ती जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मी ऊन कलेपर्यंत अंगणात होतो, मग निघालो.

एवढं एकच वाक्य तिला हवं होतं. ते तिसऱ्या दिवशीच माझ्याजवळ होतं. मी ते एक वर्ष दाबून ठेवलं, आणि ते वर्ष मी तिला परत देऊ शकत नाही. मंगलीला माझ्या अज्ञानाने मारलं असं तरी म्हणता येईल. हे दुसरं मी जाणूनबुजून केलं.

तुझ्या निबंधात हे सगळं लिही. नाव माझंच लिही. मनात वाचणं वाईट नाही, मुलाला त्यानेच समजतं, हे मी आजही म्हणतो. पण मूल कुठे बसून वाचणार आहे, हे मास्तराने आधी त्याच्या घरच्यांना विचारावं आणि त्यांचं ऐकावं. तू इथे असतास तर पहिल्याच दिवशी मला अडवलं असतंस. म्हणून चिखलबोडीची जागा तूच माग. मी सिरोंच्याकडे बदलीचा अर्ज पाठवला आहे. माझ्या हाताखाली काम करायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. आधी घरी जा. मंगली आपल्यावर रुसली नव्हती, हे आई तुला सांगेल. दहादा सांगेल. तिला सांगू दे, आणि दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐक.

मनसाराम डहारे