जांभळ्या दिव्याखाली

६ ऑक्टोबर
एकोडीहून भंडाऱ्याच्या दवाखान्यात कामाला आले आणि पहिल्याच दिवशी अंगावर पांढरा कोट, खिशावर नाव : गुंजन! डॉक्टरांनी काम समजावलं. कातडीचा कॅन्सर लवकर सापडला तर कित्येकदा चिरफाड टळते. लेसरने डागावर बारीक छिद्रं पाडायची, मलम लावून तीन तास झाकायचं, मग खोली अंधारी करून जांभळा दिवा धरायचा. रोगट कातडी गुलाबी चमकते. तिच्यावर लाल उजेड सोडला की रोगट तेवढंच मरतं. दिव्याचं काम रत्नमालाताईंकडे, त्यांच्या हाताखाली मी. ताईंनी मला स्वतःच्या डब्यातलं जेवू घातलं. फार मायाळू बाई!

१५ ऑक्टोबर
करडी गावचे सेवकराम काका नाकावरचा डाग घेऊन आले. मी मलम उघडलं तर म्हणाले, "तू राहू दे पोरी, रत्नमालाबाईले बलाव. तिचा हात हलका हाये." सगळ्यांना ताईच हव्यात. कोणी शिंगाडे आणले तरी ताईंसाठी. त्यातले अर्धे त्यांनी मला दिले, पण मला गोड लागले नाहीत. जळते मी त्यांच्यावर. इथे तरी कबूल करते.

२४ ऑक्टोबर
आज दिव्याखाली ताईंचा गाल चमकला. कानाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा गुलाबी ठिपका. हातमोज्याचं मलम सकाळी गालाला लागलं असणार. पण चांगली कातडी अशी ठिपक्यासारखी चमकत नाही, हे त्यांनीच मला शिकवलंय. आत्ता सांगितलं तर दोन खेपांत बऱ्या होतील.
ताईंनी विचारलं, "काहून पाहून राहिली गं अशी?"
"काही नाही ताई, उजेडच तसा आहे," मी म्हणाले.
ताई नसल्या तर दिवा माझ्याकडे येईल, हे आधी मनात आलं. मग बोलले.

३ नोव्हेंबर
ताईंचा ठिपका टिकलीएवढा झालाय. मी गप्पच. डॉक्टरांनी आज शिकायला म्हणून दिवा माझ्या हाती दिला. किती वाट पाहिली होती! पेटवला आणि माझंच बोट चमकलं. मलमाला मी हातही लावला नव्हता.

६ नोव्हेंबर
पाचही बोटं. साबण, स्पिरिट, राख — कशानेच जात नाही. ताईंचा गाल स्वच्छ. ठिपका गेला. कुठे गेला ते मला —

९ नोव्हेंबर
गळ्यापर्यंत आलंय. ताईंना म्हटलं, माझ्यावर दिवा धरा. त्या दिवशीचं सांगायला गेले — आणि नुसता गळा पुढे केला. ताईंनी बराच वेळ पाहिलं. डोक्यावरून हात फिरवला.
"काही नाही गं, उजेडच तसा आहे."
खरं बोलल्या असतील. पण तो सूर — माझाच तो —

१० नोव्हेंबर, दुपार
दार आतून लावलंय. लाल दिव्याखाली आडवी पडले आणि लाईट गेली. काळे पडदे, मिट्ट अंधार. तरी लिहिता येतंय — माझ्याच हाताच्या उजेडात कागद गुलाबी — अक्षर न् अक्षर दिसतंय —
ताई दार वाजवताहेत. हाका मारताहेत. रडताहेत बहुतेक.
लाईट आली. लाल —
रोगट तेवढंच मरतं. मग माझं मागे उरेल ते किती —