चेस्टनटच्या रांगेपर्यंत

वाल्करश्ट्रासे, श्टुटगार्ट
ऑक्टोबर, गुरुवार दुपार

प्रिय गॉटलोब,

तुझे गायींच्या चित्राचे कार्ड पोचले. त्यातल्या चुका या वेळी मी लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवलेल्या नाहीत. एवढ्यावरूनच इथली परिस्थिती तुझ्या ध्यानात यावी. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोन बैठकीत आहे आणि माझी इर्मगार्ड दिवसभर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली असते. मला जे सांगायचे आहे, ते तिच्यादेखत बोलता येण्याजोगे नाही.

तू समोरचे दार लावून लेकीकडे डोंगरात राहायला गेलास, त्यानंतर उरलेली बिऱ्हाडेही एकेक करून गेली. तळमजल्यावरच्या फ्राउ श्टाइंगर वारल्या. वरच्या मजल्यावरचे तरुण जोडपे बाळाच्या खोकल्याला घाबरून निघून गेले. आता सगळ्या इमारतीत आमच्याच दारामागे दिवा लागतो. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर दुपारपर्यंत काळी साय धरते. मालमोटार गेली की कपाटातल्या बशा किणकिणतात, आणि न किणकिणल्या तर मीच दचकून वर पाहतो. रस्ता ओलांडण्यासाठी जो भुयारी मार्ग होता, तो पाणी साचल्यामुळे गेल्या वर्षी बंद करण्यात आला. ‘पर्यायी मार्गाचा वापर करावा’ अशी पाटी तिथे लावलेली आहे. तो पर्यायी मार्ग कोणता, हे पाटी लिहिणारालाही ठाऊक नसावे.

हा रस्ता असा नव्हता, हे तुला सांगायला नको; पण ज्याला सांगावे असे दुसरे कोणी उरलेले नाही. युद्ध संपले तेव्हा रस्ता म्हणून काही नव्हतेच, विटांचा ढीग तेवढा होता. इर्मगार्ड तेव्हा लहान मुलगी होती. बायकांच्या रांगेत आईशेजारी उभी राहून हातोहात विटा पुढे देत तिने हा रस्ता मोकळा केला. पुढे चेस्टनटची रोपे लागली, तेव्हा आमच्या दारासमोरच्या रोपांना बादलीने पाणी घालणारी तीच. तू आणि तुझी बायको नवे राहायला आलात त्या वर्षी फुटपाथ इतका ऐसपैस होता, की समोरचा हेगेले बेकरीवाला रविवारी आपली टेबले रस्ता ओलांडून आमच्या बाजूच्या सावलीत आणून मांडत असे. मग पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन माणसे आली आणि त्यांनी झाडांवर फुल्या मारल्या. तू म्हणालास, “बरंच झालं की, रस्ता रुंद झाला तर घरांना भाव येईल.” त्यावर इर्मगार्डने जिन्यातच तुला ऐकवले होते, “रस्ता होईल रुंद, गॉटलोब, पण तुझी अक्कल राहणार तेवढीच अरुंद!” रस्त्यापलीकडची घरांची अख्खी रांग पाडली गेली, बेकरीही त्यातच गेली. आपल्या बाजूची झाडे गेली आणि फुटपाथ इतका चिंचोळा उरला, की नवराबायकोने एकामागून एक चालावे. जिथे चेस्टनटची रांग होती, तिथे आज मालमोटारींची दुसरी मार्गिका आहे.

आता मुद्द्यावर येतो. डॉक्टर म्हणाले होते, आधी नवे विसरेल, मग जुने. तसेच घडले. मी कोण, हे तिला दिवसातून एकदोनदा सुचते. पण झाडलोटीची पाळी ती विसरलेली नाही. ज्याच्या दारावर पाळीची पाटी अडकवलेली, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा आणि शनिवारी दारापासून चेस्टनटच्या रांगेपर्यंत फुटपाथ झाडायचा, हे तिच्या हातापायांत मुरलेले आहे. दुसरे कोणी राहतच नसल्यामुळे पाटी कायम आमच्याच दारावर. गेल्या शनिवारी मी दाढी करत असताना ती झाडू घेऊन खाली उतरली. दारासमोरचे झाडले, फुटपाथ झाडला आणि पुढे झाडतच राहिली. झाडांची रांग तिच्या लेखी अजून यायची होती, गॉटलोब.

मी खिडकीतून ओरडलो. पण बंद काचेतून त्या गोंगाटात काय ऐकू जाणार? माझे खुब्याचे हाड तुला माहीत आहे. जिना उतरेपर्यंत सगळे होऊन गेले होते. एका मालमोटारवाल्याने तिला दंडाला धरून दारात आणले. मला म्हणाला, “आजोबा, या खेपेला ब्रेक लागला. पुढच्या खेपेला लागेलच असं नाही हो. आजीला सांभाळा.” आणि ती त्याला म्हणत होती, “बाळा, गाडी बाजूला घे आधी, पानं राहिलीत तिथली.”

मी पाटी लपवली, तर तिने सगळे घर उलथेपालथे केले. दाराला कुलूप लावले, तर दारावर मुठी आपटत ती रडली, “लोक काय म्हणतील? आपली पाळी आहे आणि आपण दार लावून बसलोय!” मुठी सोलवटल्या, तेव्हा मी कुलूप काढले. तिला धरून ठेवण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही. तिची मात्र अजून शाबूत आहे. शुश्रूषागृहात वसंतापूर्वी जागा नाही. तोपर्यंत कितीतरी शनिवार आहेत, आणि पानगळ आत्ताच सुरू झाली आहे.

शेवटी पाटी तुझ्या दारावर अडकवून पाहिली; तुझ्या नावाची पट्टी अजून तिथे आहे. ती वाचून इर्मगार्ड कित्येक महिन्यांनी हसली. “गॉटलोब झाडणार? उंबऱ्यावर झाडू टेकवेल, दोन शिंका देईल आणि वर येऊन म्हणेल, झालं! ऐतखाऊ मेला.” आणि पाटी काढून तिने पुन्हा आपल्याच दारावर लावली. माझे नाव हरवलेल्या त्या डोक्यात तू आणि तुझा आळस मात्र धडधाकट आहात. मला याचा मत्सर वाटला, हेही लिहून टाकतो.

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी सकाळी सातला, ती झाडू हातात घेण्याआधी, फोन कर. फोन तीच उचलेल. आजारी माणसाशी बोलतात तसे गोड बोलू नकोस, तिला संशय येईल. नेहमीसारखे कुरकुरत सांग, की या आठवड्याची पाळी तुझी होती आणि तू आत्ताच झाडून वर आलास. ती तुला खोटारडा म्हणेल, तर म्हणू दे. “झाडांपर्यंत झाडलंस का?” असे ती विचारणारच. हो म्हण. पाने ओली होती, कंबर मोडली, असे काहीतरी वर जोड. आयुष्यभर दर पाळीला तू तिला जिन्यात हेच खोटे सांगत आलास आणि मी दाराआडून ते ऐकत आलो. तेच सांग, गॉटलोब, त्याच आवाजात. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा.

तुझाच,
समोरच्या दारातला आल्ब्रेख्ट