न धडकलेली दीर्घिका

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर तुझे फोन टाळते आहे. बाबा म्हणाले, मावशीपासून लपवणार असशील तर माझ्याशीही बोलू नकोस. म्हणून हे पत्र.

मी जिचा अभ्यास करते आहे त्या एकाकी दीर्घिकेची मोजमापं आली, तक्ते सोबत जोडलेत. तिच्या मधल्या महाकाय कृष्णविवराला गार वायू मिळतोय, पण ती कधी कुणाला धडकल्याची खूणच नाही. तिच्यातला ताऱ्यांचा लांबट पट्टाच गरगरणाऱ्या वायूची फिरकी मोडतो आणि त्याला आत लोटतो. तू तर तीस वर्षं शिकवलंस की दीर्घिकांची टक्कर झाल्याशिवाय वायू आत उतरत नाही! पुढच्या महिन्यात तुझा सत्कार, भाषणही त्यावरच. तोवर लेख दाबून ठेवू का?

या पत्रानंतरही लोभ राहू दे.
तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

लेख म्हणजे काय चुरगळलेला सदरा आहे, गादीखाली दाबून ठेवायला?

खरं सांगते, दोन दिवस तोंड फुगवून बसले. काकांवर उगाच खेकसले. मग जेवणाच्या टेबलावर तुझे तक्ते पसरून चूक शोधत बसले. बिचारे काका ताट मांडीवर घेऊन जेवले. एकच शंका उरली. पट्टा वायूला केंद्राजवळच्या वर्तुळाकार कड्यापर्यंत आणेल, पण तिथे तो गोल गोल फिरतच राहील. पुढे विवरापर्यंत त्याला नेतं कोण? नीट मोज. मला बरं वाटावं म्हणून एक शब्दही मऊ करू नकोस.

काळजी घे, वेळेवर जेव.
तुझी हट्टी मावशी

२० मार्च

ती. मावशीस सा. न.

तुझ्या शंकेनं घाम फोडला. कड्याच्या आत पुन्हा मोजलं. तिथे गार ढग एकमेकांवर आपटतात, फिरकी गमावतात आणि आत कोसळतात. तेही सगळे विवराच्या पोटात जात नाहीत. बराचसा वायू बाहेर उधळला जातो. तू अडवलं नसतंस तर लेख अर्धाच राहिला असता. उद्या धाडते.

आशीर्वाद असावा.
भिंगरी

२२ एप्रिल

ती. मावशीस सा. न.

काल भाषणाच्या पहिल्याच वाक्यात तू म्हणालीस की तीस वर्षं मी अर्धंच खरं शिकवलं, टक्कर हा एक रस्ता, एकमेव नव्हे. मग पडद्यावर मी काढलेला त्या दीर्घिकेतल्या वायूचा नकाशा लावलास. कुणीतरी विचारलं, वाईट वाटतं का. तू म्हणालीस, वाटतं की; पण उत्तर जिवंतपणी कळलं, हे काय थोडं झालं?

सगळं सभागृह उभं राहिलं तेव्हा मी एकटीच बसलेली तुला दिसले असेन. रागावू नकोस. तुझं ते उत्तर शब्दन् शब्द वहीत उतरवून घेत होते.

तुझीच,
भिंगरी