पेटीतल्या जागा

पिपरी मेघे,
डिसेंबर १९८८

प्रिय कमलाताई,

भाऊजी परवा बाजारात भेटले. म्हणाले, शाळेशेजारचं कापसाचं जिनिंग सुरू झालं आणि तुला वर्गातल्या पोरांचं बोलणं पुन्हा कळेनासं झालं. मुख्याध्यापक वर्ग सोडून ऑफिसात बसा म्हणतात, अन् सोमवारी तू हो म्हणणार आहेस. घाई करू नको. आधी माझं ऐक. म्हणजे वाच.

मी इथे कसा, तर भुसावळला रेडिओ दुरुस्तीच्या कामाला निघालो होतो. वर्ध्याला चहा प्यायला उतरलो आणि गाडी सुटली. चहा फार काही चांगला नव्हता. पण शेजारी बसलेले प्रभाकरराव भेटले. पुण्याची इंजिनिअरची नोकरी सोडून हा माणूस इथे एका खोलीत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पेटी बनवतो. मी तिथेच राहिलो, तारांना डाग देता देता थोडं शिकलो.

पेटीत एक चिप आहे. आवाज तिच्यात आकडे होऊन येतो. नको तो आवाज गाळायचा, तर आधीचे थोडे आकडेही जवळ ठेवावे लागतात, आणि त्यांना जागा दीडशेही नाहीत. कुठला आकडा कुठे ठेवायचा, कधी उचलायचा, हे तिच्याच असेंब्ली भाषेत आपणच लिहायचं. ती स्वतःहून काही सांभाळत नाही.

मी तळेगावच्या बाजारात बांगडीवाल्या मोतीलालबरोबर फिरायचो, आठवतं? आई किती चिडायची. तर मी या आकड्यांना बाजारातल्या माणसांचीच नावं दिली. प्रभाकरराव हसले, पण चालू दिलं. आता बाजारात भाजीवाल्या बबनरावाची टोपली निम्मी झाली की मोतीलाल कडेला चादर पसरायचाच, कुणी काही म्हणायचं नाही. मी इथेही तेच केलं. बबनरावाचं काम संपायच्या आत त्याच्या जागी मोतीलाल बसवला. पेटी घसा बसलेल्या कुत्र्यासारखी भुंकायला लागली. मी दोन दिवस तारा तपासत बसलो. शेवटी प्रभाकररावांनी मी लिहिलेला कागद पाहिला.

"प्रेमदास, बाजारात सरकून बसता येते रे. इथं दुसरा बसला का पहिला मेला."

मग पेटी चालू होताना एकदाच लागणारे आकडे शोधले. त्यांचं काम पुरतं झाल्यावरच त्यांच्या जागा गाळणीला दिल्या. इथल्या जिनिंगची घरघर गेली, ताई. बाहेर खेळणाऱ्या पोरींचं भांडण मला शब्दन् शब्द ऐकू आलं. भांडण मोठं मजेशीर होतं, ते नंतर सांगीन.

सोमवारी शाळा भरायच्या आधी पेटी घेऊन येतो. गळ्यात अडकवायची, वायर कानात. एक तास शिकवून बघ, मग मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते सांग. नाही जमलं तर मी पुन्हा बसेन, कुठे जाणार नाही. एक मात्र आहे. जाड आवाज जिनिंगच्या घरघरीबरोबरच गाळला जातो. तो वेगळा राखायला आणखी जागा हव्या होत्या, त्या उरल्या नाहीत. पोरांचे आवाज ठेवायचे की माझ्यासारख्यांचे, एवढंच ठरवायचं होतं, ते मी ठरवलं. म्हणजे सोमवारी मी दारात उभा राहून जे बोलेन, ते तुला धड कळणार नाही. म्हणून सगळं आधीच लिहून टाकलं.

घरी येणारा, तुझाच
प्रेमदास