मातीखाली गेली की मातीची

माय,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. कातरणीनंतरची लोकर आता कोणी घेत नाही. वस्तीवरचे लोक ती ओढ्यात टाकतात. तुझ्या शेवटच्या वर्षांत हे सुरू झालं होतं, ते तसंच राहिलं.
२. त्या लोकरीच्या जाड चटया ठोकणारं यंत्र मी वस्तीवर आणलं. रोपाच्या बुंध्याभोवती चटई घातली की ओल टिकते. पुढे ती कुजून खत होते.
३. नेकनूरकडच्या एका बागवाल्याने सीताफळाच्या नव्या बागेसाठी चटया सांगितल्या.
४. वस्तीवरच्या बायकांनी त्या केल्या, पण बागेत गेल्यावर अंथरू दिल्या नाहीत.
५. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्या अंथरल्या.
६. वहिनी यंदा ऊसतोडीला जाणार नाही.

सहावी ओळ लिहिताना हात थांबला. इतक्या सोप्या वाक्याला एवढा वेळ लागायला नको होता.

वहिनीला तू पाहिलेलं नाहीस. गोदावरीकाठी गंगथडीला मेंढरं चारायला गेलीस आणि तिथेच तापाने गेलीस, तेव्हा मी नववीत होते, वसतिगृहात. भाऊ अजून लग्नाचा नव्हता. पुढे त्याने निम्मी मेंढरं विकली आणि लग्नानंतर दोघं दर दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यावर जाऊ लागले. त्यांची मुलगी आता तिसरीत आहे. हिवाळ्यात ती त्यांच्याबरोबर फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहते आणि उन्हाळ्यात परत येते तेव्हा तिच्या वर्गातली मुलं पुस्तकाच्या शेवटच्या धड्यावर असतात. मी सोलापूरला वस्त्रतंत्र शिकले, तिथेच गिरणीत नोकरी केली, आणि परत येऊन हे यंत्र मांडलं. का परत आलीस असं लोक विचारतात तेव्हा मी लोकरीबद्दल बोलते. लोकरीबद्दल बोलणं सोपं जातं.

बागेतलं सांगते. चटया गाडीतून उतरवल्या. बागवाल्याच्या गड्याने पहिली चटई जमिनीवर टाकली, मधे भोक पाडायला बूट घालून तिच्यावर उभा राहिला आणि सुरी काढली. थोरली चुलती गाडीपासून ओरडली, "ए बाबा, पाय काढ! पाय काढ आदी!" गडी घाबरून बाजूला झाला, त्याला वाटलं खाली विंचू निघाला. बागवाला हसत म्हणाला, "मावशी, पायाखालीच जायचंय की ते." चुलती म्हणाली, "मंग आमची आमाला वापस द्या." आणि सगळ्या बायका बांधावर जाऊन बसल्या.

मी हे धरलंच नव्हतं. चटईची जाडी, वजन, किती पाणी धरते, सगळं मोजून झालं होतं. घोंगड्यावर देव बसतो, त्याच्यावर कोणी चप्पल घालून पाय देत नाही, हे मलाही माहीत होतं, तूच मला लहानपणी दंडाला धरून उचलून बाजूला ठेवलं होतंस, "ढोर हायस का?" म्हणत. पण यंत्रातून निघालेली चटई मला घोंगड्यासारखी दिसली नव्हती. त्यांना दिसली. मी बांधावर जाऊन म्हटलं, "काकू, हीच लोकर तुम्ही ओढ्यात फेकत होता ना?" ती म्हणाली, "ओढा घेऊन जातो, बाई. आमी तिच्यावर उभं ऱ्हात न्हाई." बागवाल्याने शांतपणे सांगितलं की प्लास्टिकचा कागद त्याने आणून ठेवलाच आहे, उद्या दुपारपर्यंत वाट बघतो. गाडीत वहिनी माझ्या शेजारी बसली होती. चटया परत वाहून नेताना तिच्या पदरभर कुसळं लागली होती, ती एकेक काढत होती. वस्ती जवळ आल्यावर म्हणाली, "ताई, तोडीच्या मुकादमाला मंग हो म्हणू का?" मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब. तिने मान डोलावली. तिला माझ्यावर राग नव्हता, हेच मला जड गेलं.

त्या संध्याकाळी मी घरामागे मोरीपाशी उभी होते. तिथे तुझी लिंबोणी होती. आणि मला तू दिसतेस. चुलीवर चिंचोक्यांची खळ शिजते आहे, घोंगड्याला लावायची, तिचा चिकट वास अंगणभर आहे. मी पाट्यावर चिंचोके वाटते आहे आणि तू शेपटाकडची घाणेरडी लोकर पदरात घेऊन चपला काढतेस. लिंबोणीच्या बुडाशी ती गोल अंथरतेस. आजी दारातून म्हणते, "आता झाडाला घोंगडं घाल! सर्दी झालीया का त्याला?" तू मागे न बघता म्हणतेस, "व्हय, राती लई शिंकत व्हतं." मग दोन्ही हातांनी वर माती ओढतेस, थापटतेस, आणि मला सांगतेस, "मातीखाली गेली की ती मातीची. आता पाय पडला तरी चालतंय." लिंबोणी त्याच उन्हाळ्यात वाळली. पाणीच नव्हतं, लोकर काय करणार. पण मातीचं ते वाक्य मी विसरले नव्हते. ते कामाचं आहे, एवढंच मला त्या संध्याकाळपर्यंत सुचलं नव्हतं.

मी चुलतीकडे गेले. ती भाकरी थापत होती. मी लिंबोणीचं सांगितलं तशी ती हसायला लागली. "तुज्या मायला कोण काय बोलणार! ती करून मोकळी व्हायची, मंग आमी बसायचो भांडत." पुढची भाकरी तव्यावर टाकली, कडेने पाणी फिरवलं, आणि मग म्हणाली, "माती घालायची म्हणतीस?" मी म्हटलं, हो, चार बोटं. "पण गड्याला हात लावू द्यायचा न्हाई. आमीच अंथरणार. अनवाणी." मी हो म्हटलं. वर माती आली तर उन्हाने चटई लवकर विरणार नाही आणि कुत्री ओढून नेणार नाहीत, हेही माझ्या मनात आलं होतं. ते मी बोलले नाही. तिचं कारण पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी बांधावर चपला काढल्या. एकीने चटई धरायची, दुसरीने रोपाभोवती सारायची, तिसरीने माती ओढायची. दगडगोट्यांचं रान ते, पायांना खडे टोचत होते, तरी गप्पा चालू होत्या. बागवाला जवळ येऊन म्हणाला, "मावशी, मी पण काढू का बूट?" चुलती म्हणाली, "रान तुमचं हाय. तुमचं तुमी बघा." त्याने काढले. मग दोन पावलं टाकून असा काही नाचला की बायका पोट धरून हसल्या. जाताना त्याने डोंगरउताराच्या बागेसाठीही चटया सांगितल्या. त्याच्या ओळखीचे दोघं बघायला येणार आहेत. या हिवाळ्यात यंत्र रिकामं राहत नाही, एवढं मी आता खात्रीने सांगू शकते.

मुकादम काल आला. भाऊ बोलेल असं मला वाटलं होतं. वहिनीच पुढे झाली. "औंदा न्हाई येत." मुकादम म्हणाला, "कावून?" ती म्हणाली, "घरी काम हाय." तो गेल्यावर ती पुन्हा लोकर निवडायला बसली. मुलीने विचारलं, "म्हंजी म्या इथंच?" वहिनी म्हणाली, "इथंच. दप्तर उचल तिथून, लोकर पडतीय त्याच्यावर." मी यंत्राला तेल द्यायला आत गेले. तेल आदल्याच दिवशी दिलेलं होतं. किती महिने मी दात आवळून झोपत होते, ते काल रात्री नीट झोप लागल्यावर कळलं.

आता जे विचारायचं आहे ते. रविवारी बायका यंत्राच्या शेडमध्ये पहिल्यांदा एकत्र बसून ठरवणार आहेत की कोणी कोणतं काम धरायचं. चुलती म्हणते, त्या दिवशी खाली तुझं घोंगडं अंथरू. तू शेवटचं विणून घेतलेलं, काळं, ज्याची लोकर तू स्वतः कातली होतीस. ते माझ्या पेटीत आहे. भावाची हरकत नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. ती पेटी मी तू गेल्यापासून उघडली नाही असं सगळ्यांना वाटतं, कारण मीच तसं सांगत आले. खरं म्हणजे उघडते. वर्षातून एकदा तरी उघडते, आणि सोलापूरला होते तेव्हा थंडीत त्यावरच झोपायचे. त्याला आता तुझा वास येत नाही, माझाच येतो. एवढ्या बायका त्यावर बसल्या की तोही जाईल.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. तरीही, तुझी हरकत असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव.