तुरटीचा अख्खा खडा संपला त्या दिवसाबद्दल

प्रिय मित्र तानाजी यास केजहून गहिनीनाथचा रामराम. धारूरला जावईबापूंकडे तुझी तब्येत बरी असावी. इकडे सर्व ठीक. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही, एवढंच. पत्र लिहिण्याचं कारण, तू माझा फोन उचलत नाहीस.

त्या दिवशी तुझ्या दुकानात दाढी करताना माझ्या गालाला मोहरीएवढं कापलं आणि मी बोकड कापल्यागत ओरडलो. तू तुरटी फिरवलीस, कापूस दाबलास. पण मी दर मिनिटाला कापूस उचलून आरशात बघायचो. (तू म्हणत होतास, "गहिन्या, सारखं काऊन बघतो रे? दाबून धर की!") तुरटी संपली, रक्त थांबेना. मग आठ गिऱ्हाइकांसमोर मी तुझ्या वस्तऱ्याला गंजका म्हणालो. नवं पातं तू माझ्या डोळ्यांदेखत घातलं होतंस. लोक उठून गेले, दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत, आणि आठवड्यात तू दुकानाला कुलूप लावलंस. फार वाईट झालं रे.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. कापलं की रक्तातले बारीक कण धावत येतात, जखमेवर एकमेकांना चिकटून बसतात. त्यांच्यावर धाग्यांची जाळी विणली जाते, तिच्यात रक्त अडकून गोठतं आणि भोक बुजतं. मी दर वेळी कापूस उचलून ते ताजं काम उपसून काढत होतो. शिवाय माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती त्या कणांना चिकटूच देत नाही. (मागे लग्नाला म्हणून संभाजीनगरला गेलो होतो ना, ते लग्न नव्हतं. छातीत स्प्रिंग, म्हणजे ती स्टेंट, बसवून आलो.) म्हणजे तुझ्या हाताचा काही दोष नव्हता. चाळीस वर्षांत तुझ्याकडून मला ओरखडा नाही, हे मी कसं विसरलो कोण जाणे.

तुझा,
गहिनीनाथ

ता. क. माझ्या मुलाच्या, अंगदच्या, पोराचं जावळ रविवारी आहे. माझं आणि अंगदचं जावळ तुमच्याच घरानं काढलं. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, असं मी घरात सांगून बसलोय. ये.

ता. क. २. डॉक्टरांनी नंतर सांगितलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. स्प्रिंग बसवली तेव्हाच ते म्हणाले होते, दाढी करणाऱ्याला आधी सांगा. तुझ्या दुकानात सगळं केज बसतं, माझं दुखणं गावभर होईल म्हणून मी सांगितलं नाही. ओरडत होतो तेव्हा मला सगळं माहीत होतं, तानाजी. काल त्या आठही जणांच्या घरी जाऊन हे सांगून आलो. तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं.